जवस, क्षौम, ताग आणि लिनन : मराठीतील वस्त्रवाचक शब्दांच्या अर्थनिर्णयाचा प्रश्न

प्रस्तावना

परभणी जिल्ह्यात रब्बी हंगामात हरभरा, करडई यांच्या सोबतीने जवसाचे निळे फूल आजही कोठे कोठे दृष्टीस पडते. पूर्वीच्या मानाने हे पीक पुष्कळच मागे पडले असले, तरी जवसाची चटणी या भागातील घराघरांत परिचित आहे. ज्या वनस्पतीचे बी आपण भाजून कुटतो, त्याच वनस्पतीच्या खोडातील धाग्यापासून विणलेले कापड परभणीच्या कापडबाजारात ‘लिनन’ या नावाने चढ्या भावाने विकले जाते. परंतु विकणारा, विकत घेणारा आणि जवस पेरणारा या तिघांनाही या दोन वस्तूंचे नाते सहसा ठाऊक नसते.

हे नाते विस्मृतीत जाण्याला व्यापाराइतकीच भाषाही कारणीभूत आहे. या एकाच तंतूला आपल्या वाचनव्यवहारात निरनिराळी चार नावे मिळालेली आहेत. शेतात तो ‘जवस’ आहे. संस्कृत काव्याच्या वाचनात तो ‘क्षौम’ आहे आणि तेथे त्याचा अर्थ बहुधा ‘रेशमी वस्त्र’ असा सांगितला जातो. मराठी बायबलात तो ‘ताग’ वा ‘सण’ झाला आहे. बाजारात तो ‘लिनन’ आहे. या चार शब्दांपैकी एकही दुसऱ्याची ओळख देत नाही.

पदवीच्या वर्गात कालिदासाच्या शाकुंतलातील चौथ्या अंकाचा परिचय करून देताना प्रस्तुत लेखकाने ‘क्षौम म्हणजे रेशमी वस्त्र’ असे अनेक वर्षे सांगितले. एका विद्यार्थिनीने ‘सर, आश्रमात रेशीम कसे चालेल?’ असा प्रश्न विचारला, तेव्हा त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नातून निर्माण झाला आहे. वस्त्रवाचक शब्दाचा अर्थ लावताना ते वस्त्र कोणत्या तंतूचे, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. तो न विचारल्यास साहित्यकृतीचा अर्थ बदलतो आणि श्रम करणाऱ्या समूहांचे शब्दही नजरेआड होतात, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

वस्त्राची चार कुळे

वस्त्रांचे तंतूनुसार वर्गीकरण करण्याची दृष्टी आपल्या परंपरेत फार जुनी आहे. अमरकोशात वस्त्राची चार उत्पत्तिस्थाने सांगितली आहेत : त्वचा म्हणजे साल, फळ, कृमी आणि रोम. सालीपासून होणारे ते वाल्क. क्षौम आदी वस्त्रे या वर्गातील होत. फळापासून होणारे ते फाल. कापसाचे वस्त्र या वर्गात येते. कृमीच्या कोशापासून होणारे ते कौशेय, आणि मृगाच्या रोमांपासून होणारे ते रांकव. धान्यवाचक शब्द देताना हाच कोश अतसी, उमा आणि क्षुमा ही जवसाची पर्यायनामे म्हणून नोंदवितो. ‘क्षुमा’पासून ‘क्षौम’ हे रूप सरळ सिद्ध होते. पाणिनीच्या सूत्रांतही उमेपासून बनलेल्या वस्तूला ‘औम’ किंवा ‘औमक’ म्हणण्याची सोय आहे. क्षौम म्हणजे मूलतः जवसाच्या सालीतील तंतूचे वस्त्र, याविषयी या आधारांवरून शंका राहत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हा भेद पाळलेला दिसतो. सूत्राध्यक्षाच्या प्रकरणात लोकर, वल्क, कापूस, शण आणि क्षौम यांचा पृथक् निर्देश आहे. कोशात ठेवावयाच्या मौल्यवान वस्तूंची चर्चा करताना काशी आणि पुंड्र येथील क्षौमाचा उल्लेख येतो, तर उत्तम कापसाच्या कापडासाठी मधुरा, अपरांत, कलिंग, काशी, वंग, वत्स आणि महिष या प्रदेशांची नावे दिली आहेत. अपरांत म्हणजे आपली कोकणपट्टी. राज्याच्या हिशेबासाठी रचलेल्या ग्रंथात तंतूंची सरमिसळ परवडणारी नव्हती, हे यावरून ध्यानात येते.

मात्र सरमिसळीची सुरुवातही जुनीच आहे. ‘क्षौम’ आणि ‘दुकूल’ हे दोन शब्द अमरकोशातच पर्याय म्हणून एकत्र आलेले आहेत. पुढे दुकूल हे कोणत्याही तलम, उंची वस्त्राचे नाव झाले, उंची वस्त्र म्हणजे रेशीम असे समीकरण रूढ झाले आणि त्या ओघात क्षौमही रेशमाच्या खात्यावर जमा झाले. वस्तू लोकव्यवहारातून गेली की तिचे नाव मोकळे होते आणि जवळच्या प्रतिष्ठित वस्तूला जाऊन चिकटते. क्षौमाच्या बाबतीत असेच घडले असावे.

महाराष्ट्राच्या भूमीला हा तंतू परका नव्हता, हेही येथे नमूद करावयास हवे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी असलेल्या चांडोली येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात जवसाच्या तंतूचा धागा मिळाला आहे. प्रवरेकाठच्या नेवासे येथे त्याच संस्कृतीच्या थरात तांब्याच्या मण्यांत ओवलेला रेशीम व कापूस यांचा धागा सापडला. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात, म्हणजे मराठी भाषेच्या कितीतरी आधी, या प्रदेशातील माणसांच्या हातून अमरकोशातील चार कुळांपैकी तीन कुळांचे धागे गेले होते.

शाकुंतलातील क्षौम

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात शकुंतला वल्कले नेसलेली आहे. चौथ्या अंकात ती सासरी निघते, तेव्हा तपोवनातील वृक्षच तिला वस्त्रालंकार देतात. एक वृक्ष चंद्रासारखे शुभ्र क्षौम देतो, दुसरा पायांसाठी लाक्षारस देतो, आणि वनदेवतांचे हात पालवीतून बाहेर येऊन आभरणे देतात. त्यानंतर सख्या तिला क्षौमाची जोडी नेसवितात.

क्षौमाचा अर्थ रेशीम असा घेतला, तर या प्रसंगाचा अर्थ पुढीलप्रमाणे होतो : आश्रमकन्येने झाडाची साल टाकली आणि राजवाड्याचे रेशीम अंगावर घेतले. तपोवन आणि नगर यांतील विरोध येथेच ठळक होतो आणि वृक्ष हे केवळ चमत्काराचे साधन उरते. शिवाय त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नातील अडचणही शिल्लक राहते. रेशमासाठी कोशातील किड्याचा जीव जातो. हरिणाच्या पाडसाला जपणाऱ्या आश्रमातील वृक्षाने कृमीच्या कोशाचे वस्त्र द्यावे, ही कल्पना विसंगत वाटते.

याउलट अमरकोशाचे वर्गीकरण समोर ठेवले, तर वल्कल आणि क्षौम ही दोन्ही वस्त्रे एकाच कुळातील, म्हणजे सालीची ठरतात. एक खरखरीत व दुसरे तलम. एक ओबडधोबड व दुसरे संस्कारित. वृक्षाने शकुंतलेला जे दिले ते त्याच्याच जातीचे, सालीचे वस्त्र होते. तपोवनाने आपल्या कन्येला परक्या ऐश्वर्यात पाठविताना स्वतःचेच द्रव्य अधिक शुद्ध करून दिले. या वाचनात वृक्षाचे दान माहेरच्या लुगड्याचा अर्थ धारण करते, आणि हा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. कालिदासाच्या काळी क्षौम हा शब्द ‘कोणतेही शुभ्र, तलम वस्त्र’ अशा सैल अर्थाने वापरला जात असेल आणि कवीच्या मनात तंतूचा विचारही नसेल. हा आक्षेप सर्वस्वी फेटाळता येत नाही. परंतु शब्द सैल झाला होता असे मानले, तरी त्याचा अर्थ ‘शुभ्र तलम वस्त्र’ इतकाच होईल. ‘रेशीम’ असा निश्चित अर्थ करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. ‘क्षौम : जवसाच्या तंतूचे वस्त्र, पुढे, तलम शुभ्र वस्त्र’ एवढी नोंद वाचकाला दोन्ही वाचनांची मुभा देते. ‘रेशमी वस्त्र’ ही नोंद एक वाचन कायमचे बंद करते.

ताग की जवस? अनुवादातील पेच

क्षौमाच्या बाबतीत मूळ शब्द उरला आणि त्याचा अर्थ हरवला. बायबलाच्या मराठी अनुवादकांपुढे याच्या उलट अडचण होती. तेथे अर्थ निश्चित होता, परंतु त्यासाठी मराठी शब्द नव्हता. प्राचीन इजिप्त आणि पॅलेस्टाईन येथे जवसाच्या तंतूचे कापड हे नित्याचे वस्त्र होते. याजकांचा पोशाख, श्रीमंतांची वस्त्रे, प्रेत गुंडाळण्याचे कापड या सर्वांचे उल्लेख त्या ग्रंथात वारंवार येतात. मराठी अनुवादांत यासाठी ‘तागाचे’ आणि ‘सणाचे’ अशी विशेषणे योजलेली आढळतात, आणि जेथे उंची वस्त्र अभिप्रेत आहे तेथे त्यांना ‘तलम’ या शब्दाची जोड दिलेली दिसते.

अनुवादकांनी तंतूचे कूळ अचूक ओळखले होते. ताग, सण आणि जवस हे तिन्ही खोडाच्या सालीतून निघणारे तंतू आहेत. कापूस किंवा रेशीम यांपेक्षा ताग हा शब्द वस्तुस्थितीला निश्चितच जवळचा आहे. या दृष्टीने क्षौमाला रेशीम म्हणणाऱ्या पंडितापेक्षा अनुवादक अधिक सावध ठरतात. परंतु शब्दाला कुळाबरोबर सामाजिक पतही असते. मराठी वाचकाच्या मनात ताग म्हटले की गोणपाट, पोते, सुतळी यांचे चित्र उभे राहते. जांभळ्या आणि तलम वस्त्रांत मिरवणारा श्रीमंत मनुष्य तागाच्या वस्त्रात कल्पिताना वाचक क्षणभर थबकतो. ‘तलम’ आणि ‘ताग’ या दोन शब्दांत जो ताण आहे, तो मूळ ग्रंथात नाही. तो मराठीच्या शब्दसंपत्तीतील एका रिकाम्या जागेमुळे उत्पन्न झाला आहे.

ही जागा रिकामी का राहिली, याचे कारण शेतीत सापडते. जवसाचे बियांसाठी घेतले जाणारे वाण बुटके आणि फांद्या फुटणारे असतात. धाग्यासाठी लागणारे जवस उंच, सरळ आणि कमी फांद्यांचे असते, ते दाट पेरावे लागते आणि त्याला थंड, दमट हवा मानवते. आज जगातील धाग्याच्या जवसाचा मोठा भाग फ्रान्स, बेल्जियम व नेदरलँड्स यांच्या सागरी पट्ट्यात पिकतो. आपल्या कोरडवाहू काळ्या जमिनीत जवस टिकले ते तेलासाठी. परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या लातूर येथील केंद्राने जवसाचा ‘एलएसएल ९३’ हा वाण दिला, तोही तेलबियांच्या संशोधनातून. वस्तू बियाण्यात आणि घाण्यात राहिली, मागावर चढली नाही. म्हणून तिच्या कापडाला मराठी नाव मिळाले नाही.

वाख, अंबाडी आणि दोर : नजरेआड राहिलेले शब्द

मराठवाड्यात सालीच्या तंतूचे ज्ञानच नव्हते, असा निष्कर्ष मात्र यावरून काढता येणार नाही. अंबाडीचा पाला भाजीला घेतल्यावर तिची खोडे पाण्यात भिजत घालणे, ती कुजू देणे, साल सोलून धुणे, वाळवणे आणि त्या तंतूचा दोर वळणे ही क्रिया या भागातील जुन्या पिढीने पाहिलेली आहे. युरोपात जवसाच्या खोडावर होणारी प्रक्रियाही तत्त्वतः हीच : मुळासकट उपटणे, दवात वा पाण्यात कुजविणे, काष्ठभाग मोडून काढणे आणि तंतू फणीने विंचरणे. फरक शेवटच्या पायरीचा आहे. तेथे तंतू विंचरून कातला गेला आणि वस्त्र झाले. येथे तो पिळून वळला गेला आणि दोर झाला.

घायपातीच्या पानातून निघणाऱ्या तंतूला मराठीत ‘वाख’ म्हणतात. ध्वनी आणि अर्थ या दोन्ही दृष्टींनी हा शब्द ‘वल्क’ला किती जवळचा आहे, हे सांगावयास नको. अमरकोशातील वाल्क वर्ग मराठीत नष्ट झाला नाही. तो वस्त्रातून उतरून दोरात आला. कासरा, दावे, वेसण, चऱ्हाट, नाडा, सोल, मुसके, शिंके, सुतळी, तरट, किंतान ही शब्दमाला त्याची साक्ष आहे. शेतीचा सारा व्यवहार या शब्दांनी बांधलेला होता. पीळ हा शब्द माणसाच्या स्वभावाला लावण्याची लकब, किंवा सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण, याच व्यवसायातून आली आहे.

असे असूनही ‘पारंपरिक वस्त्रे आणि तंतू’ या विषयावरील मराठी लेखनात ही शब्दमाला सहसा आढळत नाही. कोशांत हे शब्द आहेत. मोल्सवर्थपासून दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत ग्रामव्यवहारातील शब्दांची दखल कोशकारांनी घेतलेली आहे. वगळण्याची क्रिया त्यानंतर, अभ्यासविषय ठरविताना घडते. पैठणी, शालू, शेला, पीतांबर हे शब्द ‘वस्त्रपरंपरा’ या सदराखाली येतात. चऱ्हाट आणि कासरा ‘शेतीची अवजारे’ या सदरात ढकलले जातात. दोर वळण्याचे काम बलुतेदारीच्या व्यवस्थेत मातंग समाजाकडे होते. ज्यांच्या हातात सालीच्या तंतूचे ज्ञान होते त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, आणि अभ्यासाने त्यांच्या शब्दांना विषयाबाहेर ठेवले. या दोन गोष्टींचा संबंध समीक्षेने दुर्लक्षिता कामा नये.

सोवळ्याच्या शब्दांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. मुकटा आणि कद म्हणजे रेशमी सोवळे, धाबळी म्हणजे लोकरीचे, आणि सुती असेल तर धुऊन कोणाचाही स्पर्श न होता वाळविलेले वस्त्र. येथे तंतूचा भेद मराठीने अत्यंत काटेकोरपणे सांभाळला आहे, कारण त्यावर शुद्धाशुद्धता अवलंबून होती. भाषेला तंतूभेद कळत नव्हता असे म्हणण्यास त्यामुळे जागा उरत नाही. जेथे प्रतिष्ठेचा प्रश्न होता तेथे तो नोंदला गेला. जेथे केवळ श्रमाचा प्रश्न होता तेथे तो नोंदण्याजोगा वाटला नाही.

मराठवाड्यातील वस्त्रनामे

मराठवाड्यातील रूढ वस्त्रनामांकडे पाहिले असता त्यांची घडण निरनिराळ्या तत्त्वांवर झालेली दिसते. पैठणी किंवा इरकल हे शब्द गावाचे नाव सांगतात. हिमरू आणि मशरू हे शब्द दक्षिणेतील मुस्लिम राजवटींच्या काळात आलेले. मशरू म्हणजे धर्माने संमत. बाहेरून रेशीम आणि अंगाला लागणाऱ्या बाजूस सूत, अशी त्याची वीण असते, कारण पुरुषांनी निव्वळ रेशीम वापरणे संमत नव्हते. हिमरूतही सूत व रेशीम यांचा मेळ असतो. ‘रेशीम’ हा शब्दच फारसीतून आला आणि त्याने ‘पाट’ हा जुना शब्द मागे सारला. ‘पाटाव’सारख्या शब्दात तो आता अडकून राहिला आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे येथील कापडाच्या बोलीत मराठी, दखनी आणि फारसी यांचे मिश्रण अधिक आढळते.

परक्यांनी या प्रदेशातील कापडाला दिलेली नावे तपासली, तरी प्रश्न तोच येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून साधे कापड, नाना प्रकारची मलमल आणि ‘मोलोखिना’ नावाचे कापड भडोचला जात असल्याची नोंद आहे. हा शेवटचा शब्द कापडाचा रंग सांगतो की त्याचा तंतू, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी तेरच्या विणकराने त्या कापडाला काय म्हटले असेल, हे समजण्यास मार्ग नाही. नाव विकणाऱ्याने नोंदविले आणि विणणाऱ्याचे गेले, हा प्रकार ‘लिनन’पासून सुरू झालेला नाही.

साहित्यातील वस्त्रप्रतिमा वाचतानाही व्यवसायाची शब्दावली वेगळी करून पाहणे उपयुक्त ठरते. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १९९९ पूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत आणि त्यांपैकी एका प्रसिद्ध पदात मन हा गज, जीभ ही कातर असे रूपक आले आहे. सुई आणि धाग्याचाही त्यात उपयोग केला आहे. कबीराच्या नावावरील पदांत मात्र ताणा-बाणा आणि विणण्याची क्रिया येते. दोघांच्याही कवितेला ‘वस्त्राची प्रतिमा’ असे एकच लेबल लावले की महत्त्वाचा भेद हरवतो. कोष्ट्याच्या हातात वस्त्र अजून व्हावयाचे असते. शिंप्याच्या हातात ते आयते आलेले असते आणि त्याला ते मापून, कापून, पुन्हा जोडावयाचे असते. एकाची साधना निर्मितीच्या रूपात व्यक्त होते, तर दुसऱ्याची मापण्याच्या आणि सांधण्याच्या रूपात.

दासोपंतांचे उदाहरण याहून वेगळे आहे. अंबाजोगाईच्या या सोळाव्या शतकातील संतकवीने ‘पंचीकरण’ हा विषय सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर लिहिला. ती रचना ‘पासोडी’ या नावानेच ओळखली जाते. पासोडी म्हणजे अंगावर पांघरावयाचे जाड कापड. शेला, शालू किंवा पीतांबर यांपैकी एकही नाव या रचनेला मिळालेले नाही. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाला थंडीत पांघरण्याच्या जाडाभरड्या कापडाचे नाव मिळाले, ही गोष्ट ‘पासोडी : एक प्रकारचे वस्त्र’ अशा शब्दार्थाने झाकली जाते. शब्दार्थसूचीतील ‘एक प्रकारचे वस्त्र’ हा शेरा म्हणजे वाचकाला दिलेले उत्तर नव्हे, ती सूचीकाराने दिलेली कबुली आहे.

‘लिनन’ : स्मृती नसलेला शब्द

‘लिनन’ हा शब्द मराठीत आता रुळला आहे आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही. ज्या भाषेने रेशीम, मलमल आणि मखमल पचविली, ती लिननही पचवील. प्रश्न या शब्दाबरोबर काय आले आणि काय आले नाही, हा आहे. लॅटिनमध्ये जवसाला ‘लिनम’ म्हणतात. इंग्रजीत कापडाचे नाव, जवसाच्या बियांचे नाव, रेषेसाठीचा ‘लाइन’ हा शब्द आणि अस्तरासाठीचा ‘लायनिंग’ हा शब्द ही सर्व त्या एकाच मुळाची अपत्ये आहेत. कापडाचे नाव उच्चारताच तेथील जाणत्या वाचकाला वनस्पतीचा मागमूस लागू शकतो. मराठीत हे काम ‘सूत’ या शब्दाने केले : सूत जमणे, सुतासारखा सरळ, सुतावरून स्वर्ग गाठणे. सेलू, मानवतसारख्या कापसाच्या बाजारपेठा असलेल्या जिल्ह्यात सूत म्हणजे कापसाचेच, हे वेगळे सांगावे लागत नाही.

‘लिनन’ मराठीत आला तो ही सर्व भावंडे मागे ठेवून. परिणामी त्याचा अर्थ आताच सैल होऊ लागला आहे. रेल्वेच्या प्रवासात ‘लिनन’ म्हणून मिळणाऱ्या चादरी सुती असतात. रुग्णालयातील ‘लिनन’ही बहुधा सुतीच असते. इंग्रजीत झालेला अर्थविस्तार आपण आयता घेतला आहे. क्षौमाचे जे झाले तेच आता लिननचे होत आहे : तंतूचे नाव प्रथम दर्जाचे नाव होते आणि पुढे कशाचेही नाव होते. या वेळी ही प्रक्रिया आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे, एवढाच फरक.

यावर ‘जवसवस्त्र’सारखा नवा शब्द घडविणे हा उपाय सुचविता येईल, परंतु व्यवहारात नसलेला शब्द शब्दकोशातच वृद्ध होतो. जवसाचे कापड म्हणजे लिनन, आणि जुन्या ग्रंथांतील क्षौम मूलतः तेच, एवढे सांगणे पुरेसे आहे. परभणीच्या विद्यार्थ्याला हे सांगितले, की त्याच्या घरच्या चटणीचा, बाजारातील कापडाचा आणि कालिदासाच्या नाटकाचा परस्परांशी संबंध लागतो. ज्या शब्दांना तो ‘गावंढळ’ समजून वर्गात उच्चारीत नाही, त्याच शब्दांच्या आधारे अभिजात कृतीचे कोडे सुटते, हा अनुभव भाषेच्या अध्यापनात मोलाचा आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. वस्त्रवाचक शब्दाचा अर्थ देताना त्याचा तंतू, वीण, वापर आणि वापरणारा समूह यांचा निर्देश शक्य तेथे केला पाहिजे. ‘एक प्रकारचे वस्त्र’ किंवा ‘तलम वस्त्र’ एवढा अर्थ अपुरा ठरतो.

२. ‘क्षौम’चा ‘रेशमी वस्त्र’ हा रूढ अर्थ दुरुस्त होणे आवश्यक आहे. मूळ अर्थ स्वीकारल्यास शाकुंतलाच्या चौथ्या अंकातील वृक्षदानाचा प्रसंग वल्कलाशी सुसंगत असा वाचता येतो.

३. मराठी बायबलातील ‘ताग’ आणि ‘सण’ ही योजना तंतूच्या कुळाच्या दृष्टीने योग्य, परंतु सामाजिक अर्थच्छटेच्या दृष्टीने अडचणीची आहे. अनुवादाचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजू विचारात घ्याव्या लागतात.

४. सालीच्या तंतूंची मराठी शब्दावली प्रामुख्याने दोर वळणाऱ्या समाजाच्या श्रमातून टिकली. वस्त्र आणि तंतू यांच्या अभ्यासात तिला स्थान देणे हा अभ्यासाच्या अचूकतेचा तसाच न्यायाचाही प्रश्न आहे.

५. दोर वळणारे, कापूस पिंजणारे, घोंगडी विणणारे आणि हातमागावर बसणारे यांच्या बोलीतील शब्द जाणणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. महाविद्यालयातील मराठी विभागांनी, शक्य तर वनस्पतिशास्त्र आणि इतिहास या विभागांच्या सहकार्याने, पदवीच्या प्रकल्पकार्यात या शब्दांचे संकलन करून घ्यावे. शब्दाबरोबर वस्तू, क्रिया आणि सांगणाऱ्याचा व्यवसाय यांचीही नोंद व्हावी.

त्या विद्यार्थिनीला तेव्हा द्यावयास हवे होते ते उत्तर असे : आश्रमात रेशीम चालले नसते, आणि वृक्षाने ते दिलेलेही नाही. त्याने जे दिले त्याचे बी आपल्याकडे आजही जवस म्हणून पेरले जाते.